पुसलेल्या कार्डातला सज्जा

रविवारी सकाळी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा दादाचा फोन आला. "चिंगे, असशील तशी ये," एवढंच म्हणाला. आवाज असा होता की माझ्या हातातली चादर खाली पडली.

"आईला काही..."

"आई बरी आहे. सगळे बरे आहेत. तू ये फक्त."

धावतपळत त्यांच्या घरी पोचले तर दार उघडंच. दादा जेवणाच्या टेबलाशी कॅमेरा पुढ्यात ठेवून बसला होता, थोबाडीत खाल्ल्यासारखा. वहिनी खिडकीपाशी पाठमोरी उभी. माझी भाची आदल्या दिवशी शाळेच्या नाटकात ससा झाली होती. गालांवरच्या मिशा तशाच ठेवून ती सोफ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

झालं होतं ते असं. वहिनी इंजिनीअर आहे. जुन्या इमारती तपासते, कुठे तडे गेलेत, कुठे पाणी मुरतंय ते बघते आणि इमारत वापरायला सुरक्षित आहे की नाही याचा अहवाल देते. शुक्रवारी ती एका बंदिस्त जलतरण तलावाची तपासणी करून आली होती. फोटो कॅमेऱ्यातच होते आणि शनिवारी दादा तोच कॅमेरा घेऊन नाटकाला गेला.

"मला वाटलं, तू ते उतरवून घेतलेस," दादा म्हणाला.

"नुसत्या भिंतींचे फोटो दिसले ना तुला? मग विचारायचं तरी."

"कॅमेऱ्यानेच विचारलं, सगळं पुसू का म्हणून. मी हो म्हटलं."

"माझ्या घरच्यांनी लग्नाचं विचारलं तेव्हा हो म्हणायला महिना लावलास," वहिनी मागे न वळता म्हणाली, "आणि कॅमेऱ्याला लगेच!"

मी हसणार होते, पण तिचे खांदे बघितले आणि खुर्ची ओढून कॅमेऱ्यापाशी बसले.

मी एका वर्तमानपत्राच्या फोटो विभागात काम करते. चुकून कार्ड पुसून रडकुंडीला आलेले फोटोग्राफर आमच्याकडे नेहमीचेच. त्यामुळे घरात अशा गोष्टींची डॉक्टर मीच. "पुसलं म्हणजे जळालं असं नसतं," मी म्हटलं. "कोणता फोटो कुठे ठेवलाय एवढंच कार्ड विसरतं. फोटो जागेवरच पडून असतात, त्यांच्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंत. पुसल्यावर तू किती काढलेस, दादा?"

"थोडेच. ससा आला, ससा गेला."

"व्हिडिओ?"

"नाही."

"नशीब. आता कुणी या कॅमेऱ्याला बोट लावायचं नाही."

कार्ड बाहेर काढलं, त्याच्या कडेची बारीक कळ सरकवून त्यावर नवीन काही लिहिलं जाणार नाही असं केलं. आधी अख्ख्या कार्डाची नक्कल लॅपटॉपवर उतरवली आणि त्या नकलेवरच फोटो शोधायचा प्रोग्रॅम सोडला. मूळ कार्डाशी खेळायचं नाही, हा आमचा शिरस्ता. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दादा तिच्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू आत ऑपरेशन चाललंय.

पहिला फोटो आला तो अर्धा. वर सशाचे कान, खाली ओल आलेली भिंत. भाचीला हसू फुटलं आणि तिने लगेच तोंडावर हात दाबला. असे काही तुकडे आले. मग मात्र सबंध फोटो यायला लागले: तलावाचं छत, खांब, पायऱ्या, तडे.

वहिनी पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. "आहेत. सगळे नाहीत, पण कामापुरते आहेत." दादाने टेबलावर डोकं ठेवलं.

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, पण प्रोग्रॅम थांबला नव्हता. आणखी फोटो येत होते. तोच तलाव, पण भिंतींचा रंग वेगळा.

"हे कुठले?"

"मागच्या तपासणीचे," वहिनी पुढे वाकली. "दोन वर्षं झाली. पण हे तर मी तेव्हाच पुसले होते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचेही गेले, तो बिघडला तेव्हा."

तेव्हा तिने खूप फोटो काढले असणार, कार्डाच्या पार टोकापर्यंत. नंतरची कामं लहान होती, त्या टोकाला पुन्हा कुणी पोचलंच नव्हतं. म्हणून ते राहिले. एका फोटोत तलावावरचे प्रशिक्षक खांद्यावर टॉवेल टाकून हसत उभे होते. त्यांच्या डोक्यावर प्रेक्षकांचा सज्जा.

"हे नकोत ना तुला?" मी विचारलं.

"थांब."

तिचा आवाज ऐकून दादानेही मान वर केली. वहिनीने तो जुना फोटो एका बाजूला घेतला, शुक्रवारचा दुसऱ्या बाजूला. दोन्हींत सज्ज्याचा तोच कोपरा होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"चिंगी, तुला काय दिसतं ते सांग. मी काही बोलणार नाही."

मी बघितलं. सज्ज्याची तुळई बाजूच्या भिंतीला जिथे टेकते तिथे खाली भिंतीवर फरशी बसवलेली होती. आधी निळ्या फरशीची पट्टी, तिच्यावर पांढऱ्या फरशीची एक रांग. जुन्या फोटोत पांढरी रांग पूर्ण दिसत होती, वर बोटभर सिमेंटही. नव्या फोटोत सिमेंट नव्हतंच. पांढऱ्या फरशीची वरची कड तुळईखाली गेली होती. बाकी सगळं नव्या रंगाने कसं चकचकीत.

मी तसं सांगितलं. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"फोटो वेगळ्या जागेवरून काढला असशील," दादा चाचरत म्हणाला.

"फरशी आणि तुळई एकाच भिंतीत आहेत. मी कुठूनही काढला तरी फरशी गिळली जात नाही." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "सज्जा खाली आलाय. आणि परवा मी त्याच्यावर उभी होते. रंगाखाली काही दिसलं नाही. व्यवस्थापकांना म्हणाले, तसं ठीक दिसतंय, अहवाल सोमवारी देते." मग एकदम ताडकन उठली. "आज तिथे शर्यती आहेत."

तिने व्यवस्थापकांना फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. दादाला भाचीपाशी ठेवून मी लॅपटॉप आणि गाडीची किल्ली घेतली.

तलावाचं दार ढकललं आणि औषधाच्या पाण्याचा वास नाकात शिरला. मुलं पाण्यात होती. वर सज्जा आईबापांनी खचाखच भरलेला, आणि ते सगळे मिळून ठेक्यात पाय आपटत होते. धप, धप, धप.

"तुम्हीच परवा ठीक म्हणालात ना?" व्यवस्थापक म्हणाले.

"म्हणाले. चुकलं माझं. लोक खाली उतरवा."

"अहो, मध्येच? ही फेरी तरी संपू द्या."

वहिनी त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. तिने लॅपटॉप उघडून प्रशिक्षकांच्या पुढे धरला. त्यांनी आधी स्वतःला ओळखलं, मग फरशीकडे बघितलं, मग मान वर करून कोपऱ्याकडे. आणि शिट्टी तोंडात घालून अशी लांबलचक वाजवली की पाण्यातली मुलं जागच्या जागी थांबली.

"मुलांनो, बाहेर या. वरच्यांनी खाली उतरायचं आहे. एक-एक रांग. पळू नका, पाय आपटू नका."

लोक कुरकुरत उतरायला लागले. एका बाईने मला विचारलं, बक्षिसं कधी देणार. वरच्या रांगेत एक आजोबा तेवढे हटून बसले होते. सकाळपासून धरून ठेवलेली जागा सोडायला तयार नव्हते.

"वहिनी, तू जाऊ नकोस!" मी ओरडले. पण ती भिंतीच्या कडेकडेने वर गेलीच. आजोबांच्या शेजारी वाकून काय बोलली देव जाणे. ते तिचा हात धरून मुकाट्याने खाली आले.

सगळे बाहेरच्या आवारात जमले. वहिनी, प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि मी दारातच उभे राहिलो. "आता सांगा, काय करायचं?" व्यवस्थापक घड्याळाकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात आतून आवाज आला. मोठा नव्हता. वाळकी फांदी मोडावी तसा. कोपऱ्यातला गिलावा रंगासकट पापुद्र्यासारखा सुटला आणि खाली पांढऱ्या फरशीवर लाल भुकटी सांडली. आतल्या लोखंडाचा नुसता गंज उरला होता. मग सज्ज्याचं ते टोक खचलं, माणसाच्या उंचीएवढं, आणि तिरकं लटकून राहिलं. वरच्या खुर्च्या घसरत आल्या आणि एकापाठोपाठ एक पाण्यात पडत गेल्या. एक लाल छत्री आली. कुणाचा तरी डबा आला. शेवटची खुर्ची कठड्याला अडकली.

व्यवस्थापक ओल्या पायरीवर मटकन बसले. प्रशिक्षकांची शिट्टी तोंडातच होती आणि त्यांच्या श्वासाबरोबर बारीक वाजत होती. बाहेर कुणीतरी विचारत होतं, काय झालं, काय झालं.

पुढचे काही दिवस वहिनी कुणाशी धड बोलली नाही. लोक आभार मानायला आले की ती आत निघून जायची. "मी ठीक म्हणाले होते," एवढंच दादाला सांगायची. दादा म्हणायचा, अगं पण वाचले ना सगळे. ती म्हणायची, तू कार्ड पुसलंस म्हणून वाचले.

दादाला जे जमलं ते त्याने केलं. घरासाठी वेगळा कॅमेरा आणला. वहिनीचे फोटो आता ती परत आली की त्याच दिवशी उतरतात, एक प्रत ऑफिसात, एक घरात आणि एक माझ्या कपाटात. कारण घराला आग लागली तर घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच, असं मी त्याला समजावलं होतं. महिन्याला एकदा तो प्रत्येक प्रत उघडून बघतो. नुसती जपून ठेवलेली आणि न उघडलेली प्रत असून नसल्यासारखीच. आणि कार्ड पुसायचं ते फक्त वहिनीने.

पण तिच्या आधीच्या कितीतरी इमारतींचे जुने फोटो कायमचे गेले होते. त्यांचं काय? ते तिच्या डोक्यातून जाईना. त्यांत भाचीची शाळाही होती. एके दिवशी ती भाचीच्या शाळेत गेली आणि पालकांना म्हणाली, तुमच्याकडे या शाळेत काढलेले जुने फोटो असतील ते दाखवा.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये ही गर्दी. कुणी मोबाईल आणले, कुणी अल्बम. एक आई कौतुकाने म्हणाली, "ही आमची थोरली, कवितेचं बक्षीस घेताना."

"गोड आहे," वहिनी म्हणाली. "जरा बाजूला करता येईल का तिला? मला मागचा खांब बघायचाय."

बाईंना राग आला. मग वहिनीने सज्ज्याची गोष्ट सांगितली आणि त्या बाई स्वतःच बोटांनी फोटो मोठा करून खांब शोधायला लागल्या. हळूहळू सगळा हॉल आपापल्या मुलांच्या पाठीमागच्या भिंती बघू लागला. वहिनी एकेक फोटो घेऊन त्या खांबापाशी, त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहायची, मोजायची आणि मान हलवायची.

संध्याकाळपर्यंत शाळा बघून झाली. सगळं जागच्या जागी होतं, केसभरही हललं नव्हतं. वहिनी रिकाम्या हॉलमध्ये एका छोट्या बाकावर बसली आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा, मोठ्याने, रडली. दादा तिच्या शेजारी बसला. बाक लहान मुलांचं होतं, दोघांचे गुडघे हनुवटीला लागत होते. मी दिवे मालवायला गेले होते, पण तसेच राहू दिले.