काही न घडू देणारा माणूस

"माणसाचं मोठेपण त्याच्या हातून काय घडलं यावरून ठरतं," कारखान्याचे मोठे साहेब माइकसमोर म्हणाले, आणि शेजारच्या खुर्चीतल्या सत्कारमूर्तींच्या हातून आयुष्यभरात काहीच घडलेलं नाही हे ध्यानात येऊन त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

सत्कारमूर्ती म्हणजे कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. आज ते निवृत्त होत होते. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथून ते कधी बाहेर आलंच नाही. कोणी शिडीवर चढो, खड्ड्यात उतरो की नुसती जांभई देवो, यांच्या तोंडून पहिला शब्द 'जपून' असा निघे. म्हणून सगळे त्यांना जपूनराव म्हणत. कारखाना रसायनांचा. टाक्या, वाफेचे नळ, शीतकरण विभागात अमोनिया. इहलोकीची यात्रा आटोपती घ्यायची तर सोयी भरपूर. पण जपूनरावांच्या कारकिर्दीत कोणी भाजलं नाही, कोणी गुदमरलं नाही. एखादा स्फोट झाला असता तर त्यावर चार वाक्यं बोलता आली असती. न झालेल्या स्फोटावर भाषण कसं करावं, हे साहेबांना कुठल्याच व्यवस्थापन शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

घरीही तोच खाक्या. दिवा बदलायचा तर स्टूल धरायला बायको, मेन स्विचपाशी शेजारी, आणि सगळी तयारी होईपर्यंत बाहेर लख्ख उजाडलेलं. ती बायको आज पहिल्या रांगेत बसली होती आणि नवऱ्याचं कौतुक कधी सुरू होतं याची वाट पाहत होती.

पाणी पिऊन साहेबांना विषय सुचला. म्हणाले, इतकी वर्षं काहीच झालं नाही, तेव्हा या पदाची गरज उरलेली नाही. यापुढे सुरक्षा ही प्रत्येकाची जबाबदारी राहील. प्रत्येकाची म्हणजे बागेच्या सुपरवायझरची. अतिरिक्त कार्यभार त्याच्याकडे दिल्याचं त्यांनी तिथेच जाहीर केलं. छत्री नेली आणि भिजलो नाही, तेव्हा छत्री विकून टाका, असाच हा हिशेब. बागवाल्याने मान खाली घातली. गुलाबावरची कीड त्याला अचूक कळे. अमोनिया हा तो कीड मारण्याचाच एक प्रकार समजत असावा.

जपूनरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. खुर्ची जाण्याचं त्यांना दुःख नव्हतं. तिचा एक पाय लंगडा होता आणि 'वापरू नये' अशी पाटी त्यांनीच तिला लावली होती. त्यांना घोर एवढाच होता, की उद्या खरंच भोंगा वाजला तर ही माणसं बाहेर येतील का? कारण ते असतानाही ती धड येत नसत. प्रत्येक सरावाच्या आधी लाऊडस्पीकरवर 'ही सूचना सरावासाठी आहे' असं सांगावं लागे, आणि ते ऐकलं की मंडळी हातात चहा घेऊन, लग्नाला निघाल्यासारखी रमतगमत येत. हिशेबनीस तर येतच नसे. "मी मेलो असं धरा आणि पुढे चला," असं तो खिडकीतून सांगे.

साहेब 'उज्ज्वल भवितव्य' या शब्दांपाशी पोचले आणि भोंगा वाजला. पाठोपाठ लाऊडस्पीकर बोलला, "शीतकरण विभागात अमोनियाची गळती. सर्वांनी जमण्याच्या जागी यावं." सरावाचं वाक्य आलं नाही.

सगळे उठले. कोणी धावलं नाही, कोणी पिशवी उचलली नाही. दाराबाहेर पडल्यावर प्रत्येकाने मान वर करून वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी पाहिली आणि वाऱ्याला आडवं वळून तो चालू लागला. सर्वांत पुढे हिशेबनीस होता. जपूनरावांनी हे दृश्य पाहिलं. सराव असता तर ही माणसं अशी वागलीच नसती. म्हणजे गळती खरी.

गळती अर्थातच खोटी होती. कट बॉयलरवाल्याचा. निरोपाची भेट काय द्यावी यावर कामगारांत बराच खल झाला होता. घड्याळ द्यावं, तर त्यांना आता वेळच वेळ. पंखा द्यावा, तर तो लावायला ते सगळ्या आळीला कामाला लावतील. शेवटी बॉयलरवाला म्हणाला की, माणूस जन्मभर एकच गोष्ट मागतोय, तीच एकदा देऊन टाकू. नियंत्रण कक्षातला गडी सामील झाला. सरावाचं वाक्य मुद्दाम गाळलं, नाहीतर सवयीने पाय चहाकडे वळले असते. साहेबांना सांगायचं राहून गेलं.

फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत शिरगणती झाली. एक जण कमी भरला. मोठे साहेब. निरोपाच्या दिवशीही या माणसाची सरावाची खोड जात नाही, असं मनाशी म्हणत ते बाजूच्या दाराने आपल्या केबिनमध्ये फोन करायला गेले होते.

जपूनरावांनी तिथली बचाव-साहित्याची पेटी उघडली, हवेचा सिलिंडर पाठीवर चढवला. आत एकट्याने जायचं नाही, जोडीदार हवाच, हा त्यांचाच नियम. सर्वांत जवळ बॉयलरवाला उभा होता. त्यांनी दुसरा सिलिंडर त्याच्या पाठीवर टाकला.

"राव, एक सांगायचं होतं," बॉयलरवाला म्हणाला.

"परत आल्यावर," म्हणत जपूनरावांनी त्याच्या तोंडावर मुखवटा आवळला. पुढची कबुली मुखवट्यातच घुमत राहिली. बाकीचे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. कट ज्याचा, कबुलीही त्याचीच, असा न्याय त्यांनी मनोमन करून टाकला होता.

बायको पुढे आली. तिने विचारलं, "तुम्हीच जायला हवं का?"

"माझी ड्यूटी संध्याकाळपर्यंत आहे."

स्टूल धरल्याशिवाय वर न चढणारा हा माणूस तिने जरा वेळ नीट पाहून घेतला. मग त्याच्या खांद्यावरचा पिळलेला पट्टा सरळ केला आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, जपून."

जपूनराव थबकले. हा शब्द त्यांना उद्देशून आजवर कोणी उच्चारलाच नव्हता. उलट काय म्हणायचं असतं ते सुचेना. मग कामगार काय म्हणतात ते आठवलं.

"हो हो, ठाऊक आहे," ते म्हणाले, मुखवटा चढवला आणि निघाले.

केबिनमध्ये साहेब टेबलावर पाय टाकून कोणाला तरी फोनवर 'आमच्याकडे सगळं सुरळीत' असं सांगत होते. दार उघडून दोन सोंडवाले प्राणी आत आले. साहेब आधी हसले. मागचा प्राणी दोन्ही हातांनी 'नाही, नाही' अशा खुणा करत होता. गडी घाबरला असं समजून पुढच्याने त्याची पाठ थोपटली. मग त्याने, अडकलेल्या माणसाला बाहेर काढताना घालतात तो टोप साहेबांच्या डोक्यावर चढवला आणि त्यांचा हात धरला. काचेतून जपूनरावांचे डोळे दिसले तसे साहेब हसायचे थांबले. या माणसाला हे सगळं खरं वाटत होतं, आणि तरी तो आला होता. फोन टेबलावर तसाच बोलत राहिला आणि साहेब निमूटपणे हात धरून चालू लागले.

शिरगणती पुन्हा झाली. सगळे भरले. बॉयलरवाल्याने मुखवटा ओढून काढला. घामाने तो नुकत्याच धुतलेल्या भांड्यासारखा दिसत होता.

"राव, गळतीबिळती काही नाही," तो म्हणाला. "आमचंच कारस्थान. तुम्ही चाललात, तर म्हटलं, एकदा तरी तुम्हाला हवं तसं बाहेर येऊ."

"मीसुद्धा आलो," हिशेबनीस म्हणाला.

जपूनरावांनी मुखवटा काढला नाही. मुखवट्याची काच आतून धूसर होत गेली. श्वास जोरात घेतला की काच धूसर होते, असं ते प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आणि सगळ्यांनी तसंच समजून घेतलं. बायकोला मात्र त्यांचा श्वास ठाऊक होता. ती दुसरीकडे पाहू लागली.

साहेबांनी डोक्यावरचा टोप काढला. केस उभे राहिले होते, ते तसेच ठेवून त्यांनी घसा साफ केला.

"बागवाल्याकडे बागच राहू दे," ते म्हणाले. "ही जागा भरायची, आणि माणूस यांनीच निवडायचा. मी आत बसून राहिलो तर मला न्यायला कोणीतरी यायला हवं."

बागवाल्याने सर्वांत आधी टाळी वाजवली. मग फाटकाजवळ असा काही कडकडाट झाला, की रस्त्यावरचे लोक थांबून आत डोकावले. टाळ्या थांबल्या तशा सगळ्यांच्या नजरा सत्कारमूर्तींकडे वळल्या. आता दोन शब्द होणार. मुखवट्याच्या आत काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. ऐकू यावं म्हणून साहेब स्वतः पुढे झाले आणि त्यांनी कान काचेला लावला.

"मागचा पट्टा जरा सैल करता का?" जपूनराव म्हणाले. "केस अडकलेत."