कागदावरचे वळ

"दाब कमी कर आधी!" मावशी एवढ्या जोरात ओरडल्या, की हातयंत्राभोवती जमलेले पाहुणे दचकून मागे सरकले.

छोटे मालक हसले. वडिलांच्या माघारी छापखाना त्यांच्याकडे आला होता, आणि जाड कागदावर लग्नपत्रिका छापून घ्यायला आता हौशी माणसं येत होती. "मावशी, अक्षर रुतलेलं बोटाला लागलं पाहिजे. लोक त्यासाठीच तर येतात."

मावशींच्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षं त्या इथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. थोरले मालक छापलेला कागद उलटा करून बोट फिरवायचे. मागे अक्षर जाणवलं, की अख्खी थप्पी रद्द! अक्षर कागदावर नुसतं टेकायचं, शाई ठेवून उठायचं. आणि हा वळ उठवायला निघालाय.

"शिसं आहे ते. मोडेल."

"काही होत नाही हो." छोट्या मालकांनी स्वतःच दांडा ओढला.

बारीकसं कट्ट झालं. मावशींनी खिळ्यांची चौकट यंत्रातून काढून उजेडात धरली. सात वेलांट्या तुटलेल्या, दोन ळ चेपलेले.

"हे आता कुठेही ओतून मिळत नाहीत, कळतंय का?"

"प्लास्टिकची प्लेट करून आणू. जुळवायची कटकटच नको."

"मग मला कशाला ठेवलंयस?"

"तुमचे हात, मावशी," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "लोकांना बघायला फार आवडतात."

मावशींचे कान तापले. "थोरल्या मालकांनी मला कामावर ठेवलं होतं. नुसत्या हातांना नाही! माझ्या हातांचा तमाशा मांडलास होय?"

"एकदा इकडे बघा ना, व्हिडिओ घेते," एक पाहुणी म्हणाली.

"काम चाललंय, बाई. बाहेर थांबा."

पाहुणे बाहेर गेले. मावशींनी धड राहिलेला एकेक खिळा पुसून त्याच्या त्याच्या खणात टाकला. मोडलेल्यांची पुडी बांधली आणि पंचनामा करावा तसं कागदावर लिहिलं: वेलांट्या सात, ळ दोन. जास्त दाबाने मोडले. दाब देणारे, मालक.

"सही कर."

"मावशी, काय हे..."

"सही."

छोट्या मालकांनी सही केली. मावशींनी कागद डोळ्यांजवळ धरून अक्षर न् अक्षर तपासलं, एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार दिला, आणि चपला घातल्या.