तांदळाच्या वाटीतला केस

"आला! आला गं तुझा लेक!" कुमह्वा मंचावरून किंचाळली आणि मांडवभर माणसं ताडकन उभी राहिली.

कुमह्वा ही मुदांग, अंगात आणून मेलेल्यांशी बोलणारी बाई. पूर्वी ती धक्क्यावर यायची. कापडात बांधलेली तांदळाची वाटी समुद्रात सोडायची. वर काढल्यावर तांदळात केस निघाला, की बुडालेल्याचा आत्मा सुटला. आता समुद्राच्या जागी मंचावर काचेची टाकी होती, खालून निळे दिवे, कुमह्वाच्या गळ्याशी माइक आणि ढोलवाले एकाच रंगाच्या कपड्यांत. किनाऱ्यावरच्या गावोगावच्या मासळी-उत्सवात हा खेळ व्हायचा. आत्मा मात्र दर गावी तोच, कुमह्वाबरोबर फिरणाऱ्या ओकबुनबाईंच्या बुडालेल्या लेकाचा, दोंगचॉलचा. एका गावी सुटलेला आत्मा पुढच्या गावी पुन्हा कसा बुडायचा, हे कुणी विचारत नसे!

ओकबुनबाई तो केस गालाला लावून हंबरडा फोडायच्या. त्यांच्याबरोबर मांडवही रडायचा.

खांबाशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीला, शाळेत शिकवणाऱ्या सुनिमला, ते बघवेना. आई वाळून काडी झाली होती. कुमह्वाने तिला बजावलं होतं, "आत्मा अर्धाच सुटलाय. तू रडायची थांबलीस, की तो परत तळाला जाईल." म्हणून आई थांबतच नव्हती.

पुढच्या गावी ढोल सुरू झाले आणि सुनिम सरळ मंचावर चढली.

"मुदांगबाई, आज वाटी मी बांधते. आईच्या डोक्याच्या रुमालात."

"देवाचं कापड बदलत नसतात, पोरी! कोप होईल!"

"का? माझ्या भावाला आईचा रुमाल ओळखू येणार नाही?"

"बांधू दे की तिला!" एक म्हातारा कोळी खालून ओरडला. "बहीण आहे ती!"

वाटी खाली गेली, वर आली. ओले तांदूळ, बाकी काही नाही. पुन्हा सोडली. पुन्हा नुसते तांदूळ.

"रुसलाय तो!" कुमह्वा छाती पिटू लागली. "बहिणीचा विश्वास नाही म्हणून रुसलाय!"

सुनिमने मुदांगचं पांढरं कापड उचललं आणि सगळ्यांदेखत टाकीत बुडवलं. थोड्याच वेळात त्याच्या दुमडीतून एक लांब काळा केस सुटून निळ्या उजेडात तरंगू लागला.

"तांदळाची खळ आहे ही," ती म्हणाली. "केस आतून चिकटवून ठेवायचा. पाण्यात खळ सुटते आणि केस वाटीत पडतो."

"माझ्या नवऱ्याचा केस मी अजून कपाटात जपून ठेवलाय गं, सटवे!" बांगडे विकणारी एक बाई कुमह्वावर ओरडली आणि मटकन खाली बसली. कुमह्वा पडद्यामागे पळाली.

सुनिमने केस आईपुढे धरला. "केवढा लांब आहे, बघ. सैन्यात जायचं म्हणून, तो बुडाला त्याच्या आदल्या दिवशी मीच त्याचं डोकं भादरलं होतं ना?"

"ठाऊक आहे मला," ओकबुनबाई म्हणाल्या. "त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात फिरवूनच मी त्याला होडीवर धाडलं. केस त्याचा नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग का गं, आई?"

"घरी त्याचं नाव कुणी काढत नाही. तूसुद्धा नाही. इथे ढोल वाजायचा, सगळी त्याला हाक मारायची. आणि मनात भीतीही होतीच. थांबले आणि तो खरंच तळाला गेला तर?"

सुनिम आईला बिलगून बसली.

"तो तळालाच आहे, आई. तू रडून वर येणार नाही, आणि थांबलीस म्हणून आणखी खाली जाणार नाही."

मग तिनेच मोठ्याने हाक मारली, "दोंगचॉल!" मागून म्हाताऱ्या कोळ्याने मारली. मग सगळ्या मांडवाने. ढोलवाल्यांनी आपणहून ठेका धरला.

तो ढोल खरा होता, ते रडणंही खरं होतं. खोटा होता तो फक्त केस. लोकहो, ज्याचं माणूस गेलंय त्याच्या घरी जा, गेलेल्याचं नाव घ्या, सोबत रडा. आपण गेलो नाही, की तिथे कुमह्वा जाते.

ओकबुनबाईंनी तो परका केस पाण्यात सोडून दिला. ओला रुमाल पिळला, डोक्याला बांधला आणि म्हणाल्या, "चल, घरी जाऊ. वाटेत त्याच्याबद्दल काहीतरी बोल."