धाकटीला काय येतं?

सुरुवात.

माझी धाकटी जाऊ हुशार आहे.

चूक. खोडते. पुन्हा सुरुवात.

आमचं लाँड्रीचं दुकान. पुढे काउंटर, पंखा, फिरती खुर्ची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी दोन शब्द. मागे इस्त्रीची खोली, तिथे नुसती वाफ. खुर्ची माझी, लग्न झाल्यापासून. धाकटी आली ती थेट वाफेत गेली. मग काउंटरवर कॉम्प्युटर आला आणि सासूबाईंनी आम्हा दोघींना क्लासला घातलं.

"जिचा प्रोग्राम आधी चालेल ती पुढे बसेल," त्या म्हणाल्या. "दुसरी मागे. रुसवेफुगवे नकोत."

क्लासमध्ये धाकटी सरांना शंका विचारते. सर खूश होऊन उत्तरं देतात. मला शंका येतच नाहीत, कारण कुठून सुरू झालं तेच कळलेलं नसतं. परतताना ती म्हणते, "ताई, समजलं ना? नाहीतर मी सांगते."

सांगते म्हणे! हिला कॉलरला इस्त्री फिरवायला मी शिकवलं.

गृहपाठ सोपा होता: एकच ओळ पडद्यावर पाच वेळा उमटवायची. आज सासूबाई जेवायला गेल्या, धाकटी आत कोटांशी झटत होती. मी लिहायला बसले. दोनदा कंस विसरले, दोनदा लाल अक्षरांत बोलणी खाल्ली. ओळ म्हणून सरांनी 'नमस्कार' सांगितलं होतं. माझ्या बोटांनी भलतंच लिहिलं.

बटण दाबलं.

धाकटीला काय येतं?
धाकटीला काय येतं?
धाकटीला काय येतं?

चालला! माझा चालला!

धाकटीला काय येतं?
धाकटीला काय येतं?

झाल्या पाच. बास.

धाकटीला काय येतं?

बास म्हटलं ना!

धाकटीला काय येतं?
धाकटीला काय येतं?

मोजणी एकाने वाढवायची ओळच मी लिहिली नव्हती. कॉम्प्युटरच्या लेखी अजून पहिलीच वेळ चालू होती. हाताला येईल ती कळ दाबली. ओळी धावतच राहिल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि मान वाकडी करून वाचू लागलं.

"काय येतं हो धाकटीला?"

"तुमचा कोट उद्या मिळेल," मी पडद्याला पाठ लावून म्हणाले.

"आज म्हणाला होतात."

"उद्या!"

प्लग ओढावा तर सकाळची बिलं जातील. काचेतून सासूबाई रस्ता ओलांडताना दिसल्या. मी आतल्या दाराकडे वळले.

"अगं... जरा बाहेर येतेस का?"

धाकटी कपाळ पुसत आली. तिने वाचलं. वाचायला भरपूर होतं. मग दोन कळा एकदम दाबल्या आणि सगळं गप्प झालं.

"माझाही आधी थांबत नव्हता," ती हळूच म्हणाली. "परवा."

"परवा?"

"परवाच चालला माझा, क्लासमध्ये. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"कुठली ओळ लिहिली होतीस?"

"सरांनी सांगितलेली. नमस्कार."

नुसता नमस्कार! निदान माझ्याबद्दल काहीतरी वाकडं लिहायचं तरी.

दार ढकलून सासूबाई आत आल्या. "काय गं, चालला का कुणाचा?"

धाकटी खाली बघत उभी राहिली. गप्प राहून ती मला खुर्ची देत होती. माझी जुनी पर्स मी तिला दिली होती ना, तशीच. हसतमुखाने, परतीची अपेक्षा न ठेवता.

"हिचा," मी म्हणाले. "परवाच चालला."

शेवट.

मी मोठ्या मनाने खुर्ची सोडली.

चूक. पुन्हा शेवट.

मी आत, वाफेत. बाहेर ती खुर्ची फिरवते, गिऱ्हाइकांशी हसते, टकटक करते. अजून तरी कुठे अडलेली नाही. दार मी उघडंच ठेवते. हाक मारली तर ऐकू यायला हवी.