सलग वाचता आलं की उठायचं

नियम माझाच होता. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत सुट्टीतला वाचनवर्ग सुरू केला, त्याच दिवशी मी फळ्याच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहून टाकलं, ‘ज्याला सलग वाचता आलं त्याने उठावं, पुढच्याला जागा द्यावी.’ खोली लहान, बाकं मोजकी आणि खाली जिन्यात ताटकळणारी पोरं ढीगभर. घरात वाचायला कागदाचा कपटा नाही, अशी ही पोरं. जन्मभर मुख्याध्यापिकेची खुर्ची उबवलेल्या बाईला एवढी शिस्त लावता यायलाच हवी.

शिकवायला दहावी-बारावीची मुलं. एका बाकावर एक पोर आणि शेजारी एक ताई किंवा दादा. त्यांना माझी ताकीद एकच, मूल वाचत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. अडलं तरी थांबायचं आणि ऐकायचं. ही ताकीद माझ्या भाचीला कशी झेपणार, याची मला धास्ती होती. घरात तिला सगळे रेडिओ म्हणतात. ती आली होती प्रमाणपत्रासाठी, आणि माझ्या भावाने तिला धाडलं होतं ते घरात दुपारची झोप मिळावी म्हणून.

रेडिओच्या वाट्याला भिंगरी आली. भिंगरीची आई खाली लॉन्ड्रीत इस्त्रीला, त्यामुळे पोरीचा दिवस कपड्यांच्या गाठोड्यांत उड्या मारण्यात जायचा. या दोघी मिळून छप्पर उडवणार, असं मी धरून चालले होते. पण झालं भलतंच. भिंगरी बोट ठेवून ‘घ... घर... घरा...’ करत बसायची आणि रेडिओ हनुवटी हातावर टेकून गप्प ऐकत राहायची. पोरगी आजारी तर नाही ना, म्हणून मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

सगळं छान होतं, फक्त कुणी उठेना. दिवसांमागून दिवस गेले, एकाही पोराला सलग वाचता येईना. माझ्या अंगाचा तिळपापड होऊ लागला. ताया-दादांना मी रोज फैलावर घ्यायची. ‘‘आत्या, माझं काय चुकतंय गं?’’ रेडिओने एकदा रडवेल्या आवाजात विचारलं. मला सांगता आलं नाही, म्हणून मी आणखी ओरडले. त्यातच ही खोली देणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाईंचा निरोप आला. शनिवारी त्या स्वतः येऊन मुलांचं वाचन ऐकणार होत्या. प्रगती दिसली तर ठीक, नाहीतर खोली काढून घेणार होत्या.

त्याच दिवशी मी हात धुवायला खाली गेले, तर भिंगरी साबणाच्या पोत्यासमोर उभी राहून घडाघडा वाचत होती, ‘‘‘रंगीत कपडे वेगळे भिजवावे. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने डोळे धुवावे.’ आई, ऐकतेस ना?’’

‘‘हो हो,’’ आई इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली.

मी भिंगरीचा कान धरून तिला जिन्याखाली नेलं. ‘‘हे काय गं? वर तर ‘घर’ म्हणताना तुला धाप लागते!’’

‘‘ताईला सांगू नका ना, बाई. सलग वाचलं तर उठावं लागेल.’’

‘‘मग उठावं!’’

‘‘मग माझं ऐकणार कोण? आई नुसतं हो हो म्हणते. ताई खरंच ऐकते.’’

‘‘आणि बाकीचे?’’

‘‘सगळ्यांना येतं. आम्ही ठरवलंय. त्या जाड्याला नीट अडखळता येत नव्हतं, त्याला मी शिकवलं.’’

माझ्या वर्गात जोमाने शिकवणी चालू होती, फक्त अडखळण्याची. फळ्यावरची ओळ पुसली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण स्वतःचा नियम स्वतः पुसायचा म्हणजे माझं नाक कापल्यासारखं. मी भिंगरीला एवढंच बजावलं, ‘‘शनिवारी नीट वाचायचं. नाहीतर वर्गच बंद होईल.’’

‘‘आणि वाचलं तर उठायचं?’’

‘‘नियम म्हणजे नियम.’’

तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मलाच दुसरीकडे बघावं लागलं.

शनिवारी अध्यक्षबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्या, पण केस काळेभोर आणि एकही इकडचा तिकडे नाही. त्यांनी जाड्यापासून सुरुवात केली. जाड्याने ‘बदक’ या शब्दावर असा घाम गाळला की मला त्याचा अभिमानच वाटला. भिंगरीवर माझी भिस्त होती. ती ‘आई’पाशी थांबली, आवंढा गिळला आणि पाणी मागितलं.

‘‘हिला ‘आई’सुद्धा वाचता येत नाही?’’ अध्यक्षबाईंनी पर्स उचलली. ‘‘माफ करा बाई, पण यात सगळ्यांचाच वेळ फुकट जातोय. सोमवारपासून खोली रिकामी करा.’’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेडिओ उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी, आवाज फाटलेला. ‘‘मुलांची चूक नाही, मॅडम. भिंगरी हुशार आहे. मलाच शिकवता येत नाही. मला काढून टाका, पण वर्ग बंद करू नका.’’

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने पुस्तक ओढलं आणि आख्खी गोष्ट एका दमात वाचून काढली. ती थांबायच्या आत जाड्या सुरू झाला, त्याच्यामागे सगळी बाकं. खोलीत कुणाचं कुणाला ऐकू येईना. खालून इस्त्रीवाल्या वर बघायला आल्या.

‘‘थांबा, थांबा!’’ अध्यक्षबाई ओरडल्या. ‘‘हे पाठ केलेलं दिसतंय!’’

‘‘मग तुमच्याकडचं काहीही द्या,’’ भिंगरी म्हणाली.

अध्यक्षबाईंनी तावातावाने पर्समध्ये हात घातला आणि जे पहिलं हाताला लागलं ते खोकं न बघताच तिच्यापुढे आपटलं. भिंगरीने ते उचललं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, ‘‘‘पांढऱ्या केसांवर हमखास उपाय. नैसर्गिक काळा रंग. पिकलेले केस मुळापासून...’’’

‘‘पुरे, पुरे! येतं तुला!’’

‘‘मॅडम, मूल वाचत असताना मध्ये बोलायचं नसतं,’’ रेडिओ डोळे पुसत म्हणाली. ‘‘आमच्याकडे तशी ताकीद आहे.’’

‘‘‘...आठवड्यातून एकदा लावावा. रंग कानाला लागल्यास लगेच पुसावा.’’’

झाडून सगळी पोरं अध्यक्षबाईंच्या कानांकडे बघू लागली. त्यांचा हात आपोआप डाव्या कानावर गेला. मग मात्र त्या जे हसत सुटल्या, ते खुर्ची धरून खाली बसेपर्यंत. बाईंबद्दल मी मनात बरंच वाईटसाईट बोलले होते, ते सगळं त्याच क्षणी मागे घेतलं.

‘‘वर्ग चालू राहील,’’ जाताना त्या म्हणाल्या. ‘‘आणि ही सगळी पोरं पास. सोमवारी जिन्यातली बसवा.’’

त्या गेल्या. भिंगरीने पुस्तक मिटलं, रेडिओसमोर नीट सरळ ठेवलं आणि ती उठली. तिच्यामागे जाड्या उठला. एकेक जण मुकाट्याने दाराकडे निघाला. मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की मी ओरडते.

‘‘कुठे निघालात सगळे?’’

‘‘सलग वाचलं ना, बाई,’’ भिंगरी म्हणाली.

मी तळहाताने फळ्याचा कोपरा खसाखसा पुसला. ‘‘जिन्यातली पोरं सकाळी येतील, तुम्ही दुपारी यायचं. आणि ताया-दादांनो, तुम्ही दोन्ही वेळेला.’’

‘‘सकाळी?’’ सुट्टीत उशिरापर्यंत लोळणाऱ्या माझ्या फौजेचे डोळे पांढरे झाले. पण ‘नाही’ कुणी म्हणालं नाही.

सोमवारी दुपारी भिंगरी तिच्या जागेवर बसली. रेडिओने हनुवटी हातावर टेकली. भिंगरीने नवी गोष्ट सुरू केली आणि कुठेही न अडखळता ते पान शेवटपर्यंत वाचलं. मग ती थांबली. तिने ताईकडे नाही, माझ्याकडे बघितलं. दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरलेली. माझ्यावर तिचा अजून विश्वास नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

‘‘माझ्याकडे काय बघतेस?’’ मी खेकसले. ‘‘पुढचं पान काय मी वाचू?’’

तिने बाक सोडलं आणि पान उलटलं.