पृथ्वीगोलावरचा पांढरा डाग

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे आणि माझी मान जन्मापासून वाकडी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. शाळेत आलो त्या दिवशी शिपाईकाकांनाही वाटले, की वाटेत धक्का लागून मी वाकलो. त्यांनी पक्कड आणली आणि मोठ्या प्रेमाने मला सरळ केले. बाई वर्गात आल्या, माझ्याकडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि हसत म्हणाल्या, "काका, पृथ्वी कललेलीच असते हो. तुम्ही तर उन्हाळा-हिवाळा सगळंच बंद करून टाकलंत."

मला पुन्हा वाकडे करण्यात आले. तेव्हापासून ताठ उभ्या राहणाऱ्या वस्तूंवर माझा फारसा विश्वास नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल जोडून माझे पोट तयार झाले. मग एका मावशींनी त्यावर छापील कागदाच्या निमुळत्या पट्ट्या एकेक करून डकवल्या. त्यांचा हात इतका हलका होता, की एका पट्टीवरची नदी दुसऱ्या पट्टीवर जाऊन अचूक जुळायची. काम झाल्यावर त्यांनी माझ्यावरून एकदा तळवा फिरवला आणि मला खोक्यात ठेवले. त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत. त्यांचा तो तळवा मला अजून आठवतो.

शाळेत मी चौथीच्या वर्गात, बाईंच्या टेबलावर असायचो. भूगोल हा माझा विषय; पण रोज वर्गात बसून इतरही पुष्कळ शिकलो. सतराचा पाढा मला न अडखळता येतो. झाड अन्न कसे बनवते ते येते. कविता तर चालीसकट येतात, फक्त म्हणता येत नाहीत. दिवस-रात्रीच्या धड्याला बाई खिडक्या लावून घ्यायच्या आणि माझ्यावर बॅटरीचा उजेड पाडायच्या. "सांगा बघू, आत्ता कुठली मुलं झोपली असतील?" असे त्या विचारायच्या. तेवढ्या अंधारात मागच्या बाकावरचा एखादा खरोखरच झोपलेला असायचा.

पण बाईंचा खरा धडा वर्षाच्या पहिल्या दिवशी असे. प्रत्येकाने माझ्यापाशी यायचे, आपले ठिकाण शोधायचे, त्यावर बोट ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "आपण इथे आहोत." कुणाचे बोट खडूने माखलेले, कुणाचे घामाने ओले, कुणाचे नुकतेच तोंडातून काढलेले. अशी कितीतरी वर्षे गेली. आधी आपल्या ठिकाणाचे नाव पुसट झाले, मग रंग उडाला, मग कागदही झिजला. शेवटी तिथे नखाएवढा पांढरा डाग पडला. मला तो दागिन्यासारखा वाटायचा.

मग बाई निवृत्त झाल्या. नवे सर आले, आणि वर्गाच्या भिंतीवर एक पडदा आला. त्यावरची पृथ्वी आपोआप फिरते. ती कधी झिजत नाही, आणि तिला कुणी हात लावला तर सर ओरडतात. माझी रवानगी शेजारच्या अडगळीच्या खोलीत झाली.

मित्रांनो, तिथे मला फार एकटे वाटले. एका बाजूला मोडका बाक, दुसऱ्या बाजूला एक पारडे हरवलेला तराजू. भिंतीपलीकडून पाढे ऐकू यायचे. कुणी सतरा सक्के चुकले की मला राहवत नसे, पण सांगणार कसे? अख्खे जग पोटावर घेऊन मी बसलो होतो आणि त्यातले कुणीही माझ्याकडे फिरकत नव्हते.

एके दिवशी चौथीतली एक मुलगी तक्ता न्यायला आली. दोन वेण्या, त्यांतली एक नेहमी सुटलेली. मला पाहून ती थबकली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती परत आली आणि तिने माझ्यासमोर तळहात उघडला. त्यावर पेनाने दोन आकडे लिहिले होते.

"माझे बाबा जहाजावर स्वयंपाक करतात," ती मला म्हणाली. खोलीत दुसरे कुणीच नव्हते, म्हणजे मलाच. "आजी म्हणते, समुद्रात कसला आलाय पत्ता? पण बाबांनी फोनवर हे आकडे सांगितलेत. एक आडव्या रेषेचा, एक उभ्या."

अक्षांश-रेखांश सरांनी नुकतेच शिकवले होते. तिने रेषांवरून बोट फिरवले आणि ते एका तपकिरी डोंगराच्या माथ्यावर जाऊन थांबले. जहाज डोंगरावर! तिचा चेहरा पार उतरला. आकड्यांची अदलाबदल झाली होती. मला ते दिसत होते. 'आधी आडवी, मग उभी' असे ओरडावेसे वाटले. पण मला तोंड कुठले?

ती डोळे पुसून वर्गात गेली. दुपारी सरांनी तेच मुलांकडून घोकून घेतले. "आधी आडवी, मग उभी!" भिंतीपलीकडून सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता. शाळा सुटताच ती धावत आली. या वेळी बोट थेट निळ्या पाण्यात टेकले. तिथे तिने पेन्सिलीने बारीक ठिपका दिला.

मग दर फोनला एक ठिपका वाढू लागला. तिने दोरा आणला. पांढऱ्या डागावर एक टोक धरायचे आणि नव्या ठिपक्यापर्यंत ताणायचे. दोरा लांबला की ती गप्प होई, आखूड झाला की वेणी उडवत जाई.

आणि मग फोन येणे थांबले. ती रोज यायची, शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवायची आणि घंटा होईपर्यंत उचलायची नाही. तिचे बोट गार पडलेले असायचे.

त्याच दिवसांत मोठ्या सरांनी खोली रिकामी करायला काढली. भंगारवाला पोते घेऊन दारात उभा होता. मोठ्या सरांनी मला उचलले, फिरवले आणि म्हणाले, "यावर आपलं ठिकाणच उरलेलं नाही. काय शिकवणार याच्यावर? घेऊन जा."

"आहे की, सर." ती मुलगी दारात होती. धावत आल्याने तिला धाप लागली होती. "हे पांढरं झालंय ना, तेच आपण. सगळ्यांनी बोटं लावून लावून झालंय. बाकी कुठे असं नाहीये, म्हणून लगेच सापडतं."

मोठे सर डागाकडे बघत राहिले.

"आणि हा माझ्या बाबांचा शेवटचा ठिपका," ती म्हणाली. "फोन आला की पुढचा द्यायचाय. गोल नेला तर तो कुठे देऊ?"

मोठ्या सरांनी रुमाल काढून माझ्यावरची धूळ पुसली. ठिपके पुसले जाणार नाहीत, एवढे सांभाळून पुसली. मग शिपाईकाकांना म्हणाले, "हा वर्गात ठेवा. आणि काका, वाकडाच असू द्या."

फोन आला. जहाजावरचे फोनचे यंत्र बिघडले होते, एवढेच. ठिपके परतीला लागले, दोरा आखूड होत गेला, आणि एके दिवशी तिचे बाबा स्वतःच वर्गाच्या दारात उभे राहिले. तिने त्यांना हाताला धरून माझ्यापाशी आणले आणि एकेक ठिपका दाखवला. एका ठिपक्याशी ते थांबले.

"इथे जहाज फार हलत होतं. पातेलीसुद्धा बांधून ठेवली होती," ते हळूच म्हणाले. "तेव्हा वाटायचं, मी कुठे आहे ते घरी कुणालाच ठाऊक नसेल."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

तिने त्यांचे भाजल्याच्या खुणांनी भरलेले बोट धरून पांढऱ्या डागावर टेकवले, शेजारी आपले ठेवले आणि म्हणाली, "आता आपण इथे आहोत."

बाईंचे वाक्य तिला कुणी शिकवले नव्हते. किती वर्षांनी ऐकले मी ते!

आता ती वरच्या वर्गात गेली आहे. तिचे बाबा किनाऱ्यावरच काम करतात, म्हणून ठिपके द्यायची गरज उरली नाही. हे चांगलेच झाले, आणि तरी मी तिची वाट पाहतो. मी खिडकीशी उभा असतो. मुले पडद्याकडे तोंड करून बसतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखा एखादा असेल. खराब होईल म्हणून त्याला कपाटात ठेवू नका. त्याच्यापाशी जा, त्याला फिरवा. तुमचे कुणी दूर असेल, तर त्या जागी बोट ठेवा. झिजलो तर झिजू द्या. माझा पुष्कळसा समुद्र अजून तसाच निळा आहे.