अकराची सभा

अकराला तीन मिनिटं कमी होती आणि हजेरीच्या वहीत एक्केचाळीस सह्या होत्या. सगळ्या आपापल्या चौकटीत, एकही रेघेवर चढलेली नाही. सुरेखानं त्या दोनदा मोजल्या. मुकुंदवाडीच्या या पतसंस्थेची ती बावीस वर्षं व्यवस्थापक होती, पण अकराच्या आत नऊपेक्षा जास्त सह्या तिनं कधी पाहिल्या नव्हत्या.

रीतच तशी होती. नोटिशीत वार्षिक सभेची वेळ अकराची असायची. चाळीस सभासद जमले नाहीत की सभा तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासानं तिथंच, असतील तेवढ्यांत भरायची. मग अकराला येणार कोण? सगळी मुकुंदवाडी साडेअकराला यायची.

आज शेंद्र्याच्या कंपन्यांतली पोरं टेम्पो करून पावणेअकरालाच हजर झाली होती. नवे सभासद. नोटिशीतले अकरा त्यांनी खरे धरले होते.

"गणसंख्या झाली की वो म्याडम!" अध्यक्ष रामकिसनभाऊ हरखले. "पयल्यांदाच! करा सुरू."

"भाऊ, मुकुंदवाडीचं अजून कुणीच नाही."

"मंग? नियमात चाळीस हायेत, झाले. लगीन लागतंय का इथं, मामाची वाट बघाया?"

नियम त्यांच्या बाजूनं होता आणि तिला तोच खुपत होता. पाचवा विषय होता संस्थेचं एकुलतं एक कार्यालय शेंद्र्याला हलवायचा. तीन वर्षं तो पुढं ढकलला जात होता, कारण 'व्यवस्थापकांचा अभिप्राय' ही ओळ सुरेखा कोरी सोडत होती. काय लिहावं ते तिला खरंच उलगडत नव्हतं. शेंद्र्याच्या पोरांचा एक हप्ता चुकत नव्हता, आणि तीच पोरं शिफ्ट सुटल्यावर इतक्या लांब येऊन बंद शटर बघून परत जायची. मुकुंदवाडीतल्या भाजीवाल्या, शिलाईवाल्या दिवसाला वीस-तीस रुपये टाकायच्या. बँकेत त्यांना कुणी बस म्हणत नव्हतं. दोन्ही खरं होतं.

तिनं बाहेर जाऊन नजमाला फोन लावला. नजमा मागच्या गल्लीत शिवणकाम करायची.

"आपा, कुठं आहात?"

"घरीच की. अकराची सभा ना? मंग अभी कायकू? डोक्याला मेंदी लावली मैं, धुऊन येती."

"धुऊ नका. तशाच निघा."

"ऐसीच? लोकां हसतील ना म्याडम!"

ती आत आली तोवर 'मंजूर, मंजूर' करत चार विषय संपले होते. शेंद्र्याच्या पोरांतली प्रेरणा उभी होती.

"मॅडम, पाचव्यात तुमचा अभिप्राय कोराच आहे. छापायचा राहिला का?"

"तीन वर्सं झाले, राहतोयच," रामकिसनभाऊ म्हणाले. "म्याडमचं गणित जुळंना."

हशा पिकला. सुरेखा हसली नाही. तिला एकदम एक प्रश्न सुचला होता, आणि तीन वर्षांत तो का सुचला नाही हेच तिला समजेना.

"प्रेरणा, तुझ्या स्कूटीच्या कर्जाला जामीन कोण?"

"हा सत्यम अन् हा प्रणय. आमच्याच लाइनवर आहेत."

"आणि सत्यमला?"

"मी अन् प्रणय."

"अन् मला हे दोघं," प्रणय म्हणाला. "आमचं त्रिकूट हाय म्याडम!"

"कंपनीनं ती लाइनच बंद केली तर?"

"असं वंगाळ नका बोलू ना म्याडम," सत्यम म्हणाला.

तेवढ्यात डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून, वरून ओढणी घेऊन नजमा दारात आली. "इत्ते लोकां? क्या हुआ?"

"आपा, तुमच्या मशीनच्या कर्जाला जामीन कोण होतं?"

"ग्यारेजवाले वहाबभाई, और शाळेत खिचडी बनाती ना, वो गीताबाई. कायकू? सारे हप्ते भरी ना मैं!"

"भरलेत. लॉकडाऊनमध्ये तुमचं काम बंद होतं तेव्हा?"

"वहाबभाईचं ग्यारेज बी बंदच था. गीताबाईचं सरकारी मानधन चालू था, तिनं भरले चार महिने. मंग फेडी ना मैं तिचे!"

सुरेखा खुर्चीवर बसली, परत उठली. हप्ते तिनं गावानुसार मोजले होते. कोणाच्या पाठीशी कोण उभं आहे, हे मोजलंच नव्हतं. शेंद्र्यात कर्जदार आणि जामीनदार एकाच गेटातून आत जात होते. बाहेर पडले तर एकाच दिवशी पडणार. कार्यालय तिकडं गेलं की इकडची माणसं गळणार, आणि मग जामिनाला दुसऱ्या धंद्यातलं कुणी उरणारच नाही.

"पण आमच्या वेळेला शटर बंद असतं, त्याचं काय?" प्रेरणानं विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही," सुरेखा म्हणाली. तेही खरंच होतं.

रामकिसनभाऊंनी पेनाचं टोपण काढलं. "मंग काय, कोराच ठेवू?"

"नाही भाऊ, लिहा. कार्यालय मुकुंदवाडीतून हलवू नये."